सल्ला: फायर ऑफिसर असोसिएशनच्या कारोबारीला (कार्यकारिणीला) उभं राहू का? माझे जुने साहेबच समोर आहेत

पत्र (थोडं कापून देतेय):

"ताई, मी बडोद्याचा, फायर सर्व्हिसमध्ये वीसेक वर्षं झाली, आता डिव्हिजनल ऑफिसर आहे. आमच्या राज्यातल्या फायर ऑफिसर लोकांची जी असोसिएशन आहे तिच्या कारोबारीची निवडणूक दोन महिन्यांवर आलीये आणि मध्य गुजरातच्या सीटला उभे राहा म्हणून तीन-चार जण मागे लागलेत. अडचण अशी की त्याच सीटवर आमचे जुने साहेब परत उभे आहेत, रिटायर झालेत पण सभासद आहेत, त्यांनी मला ब्रांच (पाण्याच्या पाइपचं तोंड) हातात कशी धरायची इथपासून शिकवलं. बायको म्हणते आधीच घरी नसता, त्यात हे कशाला. मी मराठी, मतदार जवळजवळ सगळे गुजराती. भाषण मला जमत नाही. आणि खरं सांगायचं तर मी असं काय मोठं केलंय की लोकांनी मत द्यावं? आजूबाजूच्या नगरपालिकांमधले दोघं-तिघं अडले की रात्री-बेरात्री मला फोन करतात तेवढंच. पॅम्फ्लेटवर युनिफॉर्ममधला फोटो टाकावा का तेही सांगा."

दादा, उभे राहा. पण कशासाठी उभे राहताय ते फॉर्म भरायच्या आधी एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, आणि ते वाक्य तुमच्याच पत्रात आहे, तुम्ही "तेवढंच" म्हणून पुढे गेलात. रात्री-बेरात्री फोन करणारे ते दोघं-तिघं. तीच तुमची उमेदवारी.

जरा सविस्तर लिहिते कारण हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळायला हवं. आपल्या देशात फायर ब्रिगेड हे घटनेच्या बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांच्या कामांमध्ये टाकलेलं आहे, 1992 च्या 74 व्या दुरुस्तीने. म्हणजे बडोदा, अहमदाबाद, सुरतसारख्या महानगरपालिकेचं दल वेगळं, तिथे सीएफओ (चीफ फायर ऑफिसर) आहे, डेप्युटी आहेत, स्टेशन ऑफिसर आहेत, उंच इमारतींसाठी हायड्रॉलिक प्लॅटफॉर्मची गाडी आहे, विचारायला चार सीनियर आहेत. आणि तास-दीड तासावरच्या छोट्या गावात नगरपालिकेची एखाद-दुसरी गाडी, हाताखाली मोजकी माणसं, त्यातली बरीच कॉन्ट्रॅक्टवर, आणि फायरचा सगळा चार्ज एकाच माणसाकडे. त्याने शाळा बघायची, हॉस्पिटल बघायचं, लग्नाचा मंडप बघायचा, फटाक्याची दुकानं बघायची आणि फायर एनओसीवर (आगीबाबतचं ना-हरकत प्रमाणपत्र) सही करायची, किंवा सही नाकारायची. नाकारली की कोणाचा फोन येतो ते मी तुम्हाला सांगायला नको. त्याला विचारायला त्याच्या इमारतीत कोणीच नसतं म्हणून तो तुम्हाला फोन करतो.

25 मे 2024 ला राजकोटला टीआरपी गेम झोन जळाला, 27 माणसं गेली, त्यात लहान मुलं होती, आणि ती जागा फायर एनओसीशिवाय चालू होती. त्यानंतर जे अटकेत गेले त्यात फायरचे अधिकारीही होते. त्याच्या पाच वर्षं आधी, 24 मे 2019 ला, सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये क्लासची 22 मुलं गेली. ज्यांनी डोळे झाकून सोडून दिलं त्यांना जाब विचारला गेलाच पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जो माणूस प्रामाणिकपणे नकार द्यायला तयार आहे आणि ज्याच्या पाठीशी एकही माणूस नाही, त्याचं काय? गुजरातमध्ये 2013 चा फायर प्रिव्हेन्शनचा कायदा आहे, कागदावर अधिकार आहेत, पण कायदा वापरायला माणसाला आधार लागतो आणि तो आधार ना नगरपालिका देते ना तिचा चीफ ऑफिसर देतो. तो द्यायचं काम असोसिएशनचं आहे, राज्यभरचे हे सगळे सुटे-सुटे अधिकारी जिथे एकत्र येतात अशी ती एकच जागा आहे.

आता बहुतेक असोसिएशन काय करतात? 14 एप्रिलला, 1944 च्या मुंबई डॉकच्या स्फोटात गेलेल्या जवानांना हार घालतात (घालायलाच हवा, त्यावर दुमत नाही), एक सेमिनार, एक स्नेहभोजन, डायरी छापतात, रिटायर होणाऱ्याला शाल. चुकीचं काही नाही. पण तुमच्याकडे फोन करणाऱ्या त्या माणसाला यातलं काय उपयोगी पडलं?

म्हणून तुम्ही उभे राहणार असाल तर एकच गोष्ट घेऊन उभे राहा. माझ्या डोक्यात जे आहे ते सांगते, तुम्ही तुमच्या अनुभवाने बदला. असोसिएशनने सहा-सात अनुभवी अधिकाऱ्यांचं एक पॅनल करावं, छोट्या गावातल्या अधिकाऱ्याने इन्स्पेक्शनचे फोटो आणि नकाशा पाठवला की पॅनलने दोन-तीन दिवसांत लेखी मत द्यावं, असोसिएशनच्या लेटरहेडवर, नॅशनल बिल्डिंग कोडच्या कुठल्या कलमाप्रमाणे काय कमी आहे ते लिहून. सही त्याचीच, जबाबदारी त्याचीच, पण फाइलमध्ये एक कागद राहतो की या माणसाने विचारलं होतं आणि त्याला हे सांगितलं गेलं होतं. नकार द्यायचा असेल तर त्याचा तयार मसुदा असावा. आणि त्याच्यावर खोटी केस झाली तर पहिला वकील असोसिएशनने द्यावा. एवढं एक जरी तीन वर्षांत उभं राहिलं ना दादा, तरी राज्यातल्या कितीतरी नगरपालिकांमधला माणूस रात्री झोपेल.

असल्या कोरड्या, कागदी कामाला लोक कमी लेखतात. मला तुम्हाला एक गोष्ट सांगावीशी वाटते. अमेरिकेत फायर चीफ लोकांची संघटना 1873 ला बाल्टिमोरमध्ये सुरू झाली, शिकागो आणि बोस्टनच्या मोठ्या आगी नुकत्याच होऊन गेल्या होत्या. पुढे 1904 मध्ये त्याच बाल्टिमोरला प्रचंड आग लागली, मदतीला वॉशिंग्टन, फिलाडेल्फियाहून गाड्या आल्या, आणि त्यातल्या कित्येकांच्या होजचं (पाण्याच्या पाइपचं) कपलिंग, म्हणजे जोड, तिथल्या हायड्रंटला (रस्त्यावरच्या पाण्याच्या नळाला) बसेना. पाणी आहे, माणसं आहेत, होज आहे, आणि जोड लागत नाही. प्रत्येक शहराचे आटे वेगळे, आणि ते एक करायचं काम कागदावर रेंगाळत राहिलं होतं. तुमच्याकडे 63 एमएमचं कपलिंग आज खटकन बसतं कारण कधीतरी कोणीतरी कमिटीत बसून कंटाळवाण्या मिटिंगा करून आयएस 903 या भारतीय मानकाचं माप ठरवलं. बडोद्याजवळ कोयलीला रिफायनरीत नोव्हेंबर 2024 मध्ये टाकी पेटली तेव्हा बाहेरच्या गाड्याही आल्या होत्या, एकाची होज दुसऱ्याच्या गाडीला लागते हे किती मोठं आहे ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. कारोबारीचं काम असंच असतं, ते दिसत नाही, आणि नसलं की माणसं मरतात.

अजून एक विषय आहे जो मी तुमच्या जागी असते तर दुसऱ्या नंबरला ठेवला असता. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवरच्या संस्थेने फायर फायटरचं काम हेच कॅन्सरचं कारण म्हणून पहिल्या गटात टाकलं, तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस ज्या गटात आहेत त्यात. आपल्याकडे अजून जवान त्याच काजळलेल्या कपड्यांत स्टेशनवर येऊन चहा पितात, तोच शर्ट घरी धुवायला जातो. दरवर्षी मेडिकल, बीए सेट (धुरात श्वास घ्यायचं उपकरण) प्रत्येक गाडीवर, कपडे स्टेशनवरच धुवायची सोय, या मागण्या असोसिएशनने लावून धरल्या पाहिजेत. पैसाच नव्हता असंही नाही, पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी राज्यांच्या अग्निशमन सेवेच्या आधुनिकीकरणाला 5000 कोटी ठेवले होते, पण प्रस्ताव नीट करून पाठवणारा माणूस छोट्या नगरपालिकेत कुठे असतो. तरी निवडणुकीत हा विषय दुसराच ठेवा. दोनपेक्षा जास्त गोष्टी सांगितल्यात तर कोणालाच काही लक्षात राहणार नाही.

आता साहेबांचं. पत्रातली सगळ्यात अवघड जागा हीच आहे आणि इथे तुम्ही टाळाटाळ करताय असं मला वाटलं. फॉर्म भरायच्या आधी त्यांच्या घरी जा. फोन नाही, मेसेज तर नाहीच, आणि कोणाच्या तोंडून निरोप पाठवणं तर अजिबात नाही, कारण आपल्या बडोद्यात रावपुऱ्यात सकाळी बोललेलं संध्याकाळपर्यंत मकरपुऱ्याला पोचलेलं असतं आणि पोचेपर्यंत त्याचं काहीतरी भलतंच झालेलं असतं. जाऊन बसा, काकूंची तब्येत विचारा, आणि मग सरळ सांगा की साहेब, मी उभं राहायचं म्हणतोय, या या कामासाठी, तुमच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही, पण तुम्हाला बाहेरून कळू नये म्हणून आधी सांगायला आलो. बस. परवानगी मागू नका. परवानगी मागितलीत आणि ते नको म्हणाले तर काय करणार? सांगायला जायचं, विचारायला नाही, हा फरक घरातून निघतानाच डोक्यात पक्का करून निघा.

मग तीन गोष्टी होऊ शकतात. ते म्हणतील मी थकलो, तूच घे, आणि तुमचा अर्जच सेकंड करतील, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं, कारण बरेच जुने लोक दुसरं कोणी येत नाही म्हणूनच उभे असतात. किंवा ते चिडतील. चिडले तर ऐकून घ्या, वाद घालू नका, नमस्कार करून या. किंवा ते म्हणतील की एवढी एक टर्म मला करू दे, माझं अमुक काम अर्धं राहिलंय. तर ते काम काय आहे ते नीट विचारा. खरंच अर्धं राहिलेलं काम असेल आणि ते तुमच्याच विषयाचं असेल, तर तुम्ही सहचिटणीसाला किंवा दुसऱ्या पदाला उभं राहू शकता का ते बघा. नुसतं "माझा मान" असेल तर उभे राहा. मी बँकेतल्या ऑफिसरांच्या असोसिएशनवर बरीच वर्षं काम केलंय, आणि मी पाहिलंय की ज्या सीटवर बिनविरोधची सवय लागते तिथे हळूहळू हिशोब विचारणंही उद्धटपणा समजला जातो. दोन चांगली माणसं समोरासमोर उभी राहिली तर संस्थेचं काही बिघडत नाही, उलट सभासदांना पहिल्यांदा कोणीतरी फोन करतं.

कागदाचं काम पटापट सांगते. असोसिएशनची घटना मिळवा आणि स्वतः वाचा, कोण उभं राहू शकतं, रिटायर सभासदाला मत आहे की नुसतं सभासदत्व, प्रपोजर-सेकंडर किती, प्रॉक्सी चालते का, फी कधीपर्यंत भरलेली पाहिजे, किती तरी लोकांचे फॉर्म वर्गणी थकल्यामुळे बाद होतात. मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि एजीएमचे (वार्षिक सभेचे) मिनिट्स मागा. मिळाले नाहीत तर तेही कळलं. संस्था चॅरिटी कमिशनरकडे नोंदलेली असेल तर कारोबारी बदलल्यावर 90 दिवसांत चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद) द्यावा लागतो, तो मागच्या वेळेस दिला होता का ते बघा, कारण नसेल दिला तर तुम्ही निवडून याल आणि बँकेत सही मात्र जुन्याच लोकांची चालेल. आणि सगळ्यात आधी खात्याची लेखी परवानगी. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना 1964 च्या कंडक्ट रूल्सप्रमाणे कुठल्याही संस्थेत निवडणुकीचं पद घ्यायचं तर आधी मंजुरी लागते, तुम्हाला तुमच्या महानगरपालिकेचे नियम, ते खंडेराव मार्केटला महानगरपालिकेच्या कचेरीत एस्टॅब्लिशमेंट शाखेत जाऊन नीट बघा आणि अर्ज इनवर्ड करून शिक्क्याची कॉपी घरी ठेवा. "साहेब तोंडी हो म्हणाले" याला काही अर्थ नाही, साहेब बदलतात.

मराठी असण्याचं तुम्ही लिहिलंय. दादा, तुमचं सगळं कामच गुजरातीत चालतं, पंचनामा गुजरातीत, कॉल गुजरातीत, शिव्याही गुजरातीतच खाल्ल्या असतील. ऑगस्ट 2024 ला विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली आणि तुम्ही बोटी घेऊन सोसायट्यांमध्ये फिरत होतात तेव्हा कोणी आडनाव विचारलं नसणार. तुमचं निवेदन तुम्ही स्वतः गुजरातीत लिहा, शुद्धलेखन एखाद्या शिक्षकाकडून तपासून घ्या, बस झालं. एकच सांभाळा, आपल्या दांडिया बाजारातला कोणी उत्साही माणूस "आपला मराठी माणूस निवडून आणू या" असं काही चालवायला लागला तर त्याला पहिल्याच दिवशी हात जोडून थांबवा. त्याने मतं वाढणार नाहीत, आणि पुढे तीन वर्षं तुम्ही जे जे कराल ते सगळं त्याच चष्म्यातून बघितलं जाईल.

भाषण येत नाही, ठीक आहे, नका करू. असल्या निवडणुका भाषणावर होत नाहीत. सभासद यादी घ्या आणि रोज संध्याकाळी चार-पाच जणांना फोन करा. मत मागायला नाही. विचारायला. तुमच्याकडे गाडी कुठली आहे, माणसं किती, पगारी किती आणि कॉन्ट्रॅक्टवर किती, मागच्या वर्षी सगळ्यात वाईट कॉल कुठला झाला, एनओसीला दबाव येतो का, असोसिएशनने तुमच्यासाठी काय केलं असतं तर बरं झालं असतं. आणि लिहून घ्या, एक वही करा, गावाचं नाव आणि खाली चार ओळी. पहिल्या आठवड्यात लोक जपून बोलतील, नंतर मोकळे होतील, एखादा तासभर सोडणार नाही. शेवटी फक्त एवढंच म्हणा की मी उभा आहे, या कामासाठी, पटलं तर बघा. यादी संपेपर्यंत तुम्हाला राज्याची जी माहिती असेल ती आत्ताच्या कारोबारीत कोणाकडेही नसेल, आणि ती हरलात तरी तुमच्याकडेच राहील.

निवेदन अर्ध्या पानाचं ठेवा. साधारण असं: "मी अमुक, बडोदा. इतकी वर्षं सेवा. मी निवडून आलो तर पहिल्या वर्षात एकच गोष्ट करायचा प्रयत्न करीन, छोट्या नगरपालिकेतल्या अधिकाऱ्याला इन्स्पेक्शनच्या बाबतीत लेखी सल्ला मिळेल अशी व्यवस्था. दर तीन महिन्यांनी किती विचारणा आल्या आणि किती उत्तरं गेली ते सगळ्या सभासदांना कळवीन." कोर्सेस, मेडल, नागपूरच्या कॉलेजची बॅच, हे सगळं एका ओळीत. "समाजसेवक, कर्तव्यदक्ष, लोकप्रिय" यातलं काहीही नको, तुमच्या धंद्यातली माणसं असले शब्द वाचतच नाहीत.

वहिनींचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते मी त्यांची समजूत घालायच्या सुरात नाही लिहीत. शिफ्ट, स्टँडबाय, दिवाळीत तर तुम्ही घरी नसताच, होळीला नसता, उत्तरायणला झाडावर अडकलेले पक्षी काढत असता. त्यात महिन्यातून एक मिटिंग अहमदाबादला म्हणजे सुट्टीचा तो एक दिवसही गेला. म्हणून त्यांना आधी खरा हिशोब द्या, किती मिटिंगा, कुठे, खर्च कोण देणार, किती वर्षं, आणि मग त्यांना विचारा की यातून घरातलं काय सोडायचं नाही. त्या म्हणतील मुलीची दहावी, किंवा रविवारचं जेवण, किंवा आईला डॉक्टरकडे नेणं. जे सांगतील ते कारोबारीला पहिल्याच मिटिंगमध्ये सांगून टाका की या तारखांना मी नसेन. एकच टर्म असंही वहिनींना सांगा आणि ते पाळा. त्या तरीही नको म्हणाल्या तर या वेळेला उभे राहू नका, हे मी मनापासून सांगतेय, फोन तर तुम्ही तसेही उचलणारच आहात.

हरलात तर दुसऱ्या दिवशी साहेबांना किंवा जो कोणी जिंकला त्याला फोन करून अभिनंदन करा आणि ती वही घेऊन भेटायला जा, सांगा की पॅनलचं काम मी पदाशिवाय करायला तयार आहे, मला फक्त लेटरहेड आणि ठराव द्या. घटनेत बहुतेक वेळा उपसमितीची सोय असते. बऱ्याच संस्थांमध्ये खरं काम उपसमितीतच होतं.

राहिला फोटो. युनिफॉर्ममधला नको. वर्दी खात्याची आहे, मत मागायला वापरली की कोणीतरी तक्रार करणार आणि परवानगीचा कागद असूनही तुम्ही खुलासे लिहीत बसणार. साध्या शर्टमधला, समोर बघणारा फोटो टाका, छोटा चालेल. मोबाइल नंबर मात्र मोठा टाका आणि खाली लिहा की रात्रीही चालेल.